‘जुनो’च्या घरातली मोठी माणसं

सोळा वर्षांची मुलगी आईवडिलांना समोर बसवून सांगते, मला दिवस गेलेत. आपल्या सिनेमात यानंतर थप्पड ठरलेली. ‘जुनो’ या २००७ च्या अमेरिकी चित्रपटात मात्र प्रेक्षक हसतात. मुलगी खोलीबाहेर गेल्यावर सावत्र आई म्हणते, शाळेतून काढलं असेल किंवा ड्रग्जचं काही असेल अशीच आशा होती. वडिलांनाही तसंच वाटलेलं असतं.

पण या हसण्याआधी तिथे काय काय झालेलं असतं, ते महत्त्वाचं. वडिलांना धक्का बसलाय आणि ते तो लपवत नाहीत. तुला कुठे थांबायचं ते कळतं असं वाटलं होतं, एवढं ते बोलून दाखवतात. मुलगी बाळ दत्तक द्यायचं म्हणते, तेव्हा त्या जोडप्याला भेटायला मीही येणार, तुला कुणी फसवायला नको, असं सांगतात. आई लगेच जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं बघायला लागते. रागावणं आणि पाठीशी उभं राहणं एकाच बैठकीत उरकतं. पटकथाकार डायब्लो कोडी यांची ही पहिलीच पटकथा, आणि तिला ऑस्कर मिळालं. त्यांच्या चटपटीत संवादांचं फार कौतुक झालं. मला ते कधीकधी जास्तच चटपटीत वाटतात. सोळाव्या वर्षी इतकं हजरजबाबी कुणी नसतं. ही बैठक मात्र अस्सल आहे.

पुढे सोनोग्राफीचा प्रसंग येतो. बाळ दत्तक जाणार हे कळताच तपासणी करणारी बाई सुटकेचा श्वास सोडते; अशा पोरी आई झाल्या की मुलांचं काय होतं ते मी पाहतेय, असा तिचा सूर. सावत्र आई ब्रेन तिला असं काही झापते की बाई खोली सोडून जाते. ब्रेन स्वतः पार्लरमध्ये नखं रंगवते. शिकलेल्या बाईच्या काळजीत तुच्छता किती, हे तिला क्षणात कळतं.

आपल्याकडचा हिशेब आणखी वेगळा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. त्यातल्या बहुतेक लग्न झालेल्या. त्यांना हिरवी साडी नेसवून, फुलांची वाडी भरून आपण डोहाळजेवण करतो. वय तेच, अंगात रक्त तितकंच कमी, शाळा तशीच सुटलेली. मग आपल्याला काळजी मुलीच्या वयाची असते की मंगळसूत्राची?

मिनेसोटातली जुनो तशी नशीबवान. दवाखान्याचा खर्च दत्तक घेणारं जोडपं उचलतं. चित्रपटाचा हलकेपणा बराचसा या सोयीवर उभा आहे, हे विसरू नये. पण याच जोडप्याच्या देखण्या घरात कथा खरी अवघड होते. त्यातला नवरा, मार्क, जाहिरातींना संगीत देतो. मोठ्या घरातल्या एका खोलीत त्याची गिटार आणि कॉमिक्स आहेत. जुनोशी त्याचं छान जमतं, आणि बापपण जवळ आल्यावर तो बायकोला, व्हेनेसाला, सोडून निघतो. गाण्यांच्या गप्पा मारताना तो तिच्या वयाचा वाटत होता. आता कळतं, तो खरोखरच त्या वयाचा आहे. जुनो रस्त्याकडेला गाडी थांबवून रडते. मग एका बिलाच्या मागे चार शब्द लिहून ती चिठ्ठी व्हेनेसाच्या दारात ठेवते: तुझी तयारी असेल तर माझीही आहे. तोवर व्हेनेसा आपल्याला ताठ, टापटिपीचं वेड असलेली बाई वाटलेली असते. ती एकटीने बाळ घेते. माणूस ओळखण्यात प्रेक्षकही जुनोइतकाच चुकलेला असतो.

आणि ब्लीकर? बाळाचा बाप, धावण्याच्या शर्यतीतला लाजरा मुलगा. शाळेच्या वऱ्हांड्यात लोक वाढत्या पोटाकडे बघतात, त्याच्याकडे बघायला काही नसतंच. जुनो त्याला हे तोंडावर ऐकवतेही. पण तिच्या घरी झाली तशी बैठक त्याच्या घरी झालेली आपल्याला दिसत नाही. मुलग्याच्या आईवडिलांनी त्याला समोर बसवून काय विचारायला हवं होतं, हा प्रसंग कोडी यांनी लिहिलाच नाही. मला तो पाहायला आवडला असता.