संस्कृतीचे वकीलपत्र

इच्छामरणाच्या परवाच्या वादंगात एका विद्वान सद्गृहस्थांनी जो निर्वाळा दिला, तो वाचकांच्या कानी गेलाच असेल: असाध्य वेदनेने जर्जर झालेल्या माणसाने मरणाची याचना करावी आणि वैद्याने त्यास साहाय्य करावे, हे पश्चिमेकडचे खूळ असून 'आपल्या संस्कृतीत ते बसत नाही'. संस्कृतीचे वकीलपत्र घेणाऱ्याने निदान अशिलाचे दप्तर तरी चाळावे. आळंदीस ज्या समाधीपुढे लक्षावधी वारकरी मस्तक नमवितात, ती ऐन तारुण्यात स्वेच्छेने घेतलेली आहे. १९६६ च्या फेब्रुवारीत सावरकरांनी अन्नौषध वर्ज्य करून देह ठेवला. आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी तोच मार्ग पत्करला, तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत कैद फर्माविणारे, २०२४ पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम जागच्या जागी शाबूत असूनही ते कोणा फौजदारास आठवले नाही, उलट पुढल्याच वर्षी सरकारने त्यांस मरणोत्तर भारतरत्न अर्पण केले. तात्पर्य, संताने केले तर प्रायोपवेशन आणि पोस्टातल्या कारकुनाने केले तर गुन्हा, अशी ही आपल्या संस्कृतीची वहिवाट होती.

या महापुरुषांनी दुसऱ्याचा हात मागितला नव्हता, असे कोणी म्हणेल. भेद खरा आहे, आणि न्यायालयही तेथेच थबकले आहे: कृत्रिम उपचार थांबविण्यास २०११ साली सशर्त मुभा मिळाली, २०१८ साली त्याविषयीचे इच्छापत्र आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला, हाताने मरण देणे मात्र आजही निषिद्ध. पण सद्गृहस्थांनी हा भेद केला नाही. त्यांना संस्कृती पुरली. विरोधाचे कारण म्हणून वारसांच्या लोभाची भीती अधिक सच्ची, परंतु तिचा उच्चार करताना घरातल्या माणसांकडे पाहावे लागते.

केईएम रुग्णालयात अचेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांना मरू द्यावे, या अर्जास तेथल्या परिचारिकांनी विरोध केला, तेव्हा त्यांस कोणी वाचाळ म्हटले नाही. १९७३ पासून २०१५ पर्यंत, पिढी बदलली तरी, ज्यांनी ते शरीर धुतले, पुसले, कुशीवर वळविले, त्यांचा नकार रात्रीच्या पाळ्यांनी मिळविलेला होता. आम्हांस तो पटला नाही तरी त्यापुढे आम्ही मुकाट्याने बसतो. गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या उशाशी सफरचंदांची पिशवी ठेवून 'धीर धरा' म्हणत पाचव्या मिनिटाला घड्याळ पाहणाऱ्यांपुढे बसण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

ज्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तेथेच कर्करोग्याच्या आप्तांस मॉर्फीनसाठी दारोदार हिंडावे लागते, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने दुकानदारांस जी धास्ती बसली ती २०१४ च्या दुरुस्तीनेही पुरती गेलेली नाही. आधी वेदनेचा बंदोबस्त करावा, मग मरणाच्या हक्काचा वाद खुशाल घालावा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तोवर त्या माणसाने काय करावे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. संस्कृतीच्या वकिलांपाशी असल्यास त्यांनी ते प्रत्यक्ष जाऊन त्यास सांगावे, आणि जाताना सफरचंदे नेऊ नयेत.