वगळलेल्या रात्री

‘श्यामची आई’ रडवते म्हणून तिच्यावर प्रेम करणारे आणि ती रडवते म्हणूनच तिला नाकारणारे, असे दोन पक्ष मराठीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गंमत अशी की दोघांच्याही डोळ्यांसमोरचे पुस्तक एकच असते. आंघोळ झालेल्या मुलाचे पाय मळू नयेत म्हणून ओचे पसरणारी आई, कळ्या खुडल्याबद्दल समजावणारी आई, विहिरीला भिणाऱ्या श्यामला शिंपटीने झोडपून पोहायला धाडणारी आई. संक्षिप्त आवृत्त्यांनी आणि कथाकथनाच्या स्पर्धांनी हेच प्रसंग पुन्हा पुन्हा उचलले. साने गुरुजींनी लिहिलेली कादंबरी मात्र कर्जात बुडणाऱ्या एका घराची आहे. ती तशी वाचली, तरच तिच्यातल्या अश्रूंचे कारण कळते.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले गेले. आश्रमातल्या मित्रांना श्यामने, म्हणजे खुद्द गुरुजींच्याच प्रतिरूपाने, रात्रीमागून रात्री सांगितलेल्या आठवणी, अशी त्याची बेचाळीस रात्रींची रचना आहे. उत्तरार्धातल्या काही प्रकरणांची नावे नुसती एकामागून एक वाचावीत: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘वित्तहीनाची हेटाळणी’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’. मुलांसाठी लिहिणारा दुसरा कोणता मराठी लेखक या वाटेने इतका सरळ चालत गेला आहे?

हे घर खोताचे आहे. भाऊबंदकी, कोर्टकज्जे आणि मोठेपणाने केलेला खर्च यांतून कर्ज वाढत जाते. इथे आईचे जे रूप दिसते, ते स्पर्धेच्या व्यासपीठावर कधी येत नाही. जमिनीचा तुकडा विका आणि देणे फेडून मोकळे व्हा, असे ती नवऱ्याला सांगते. व्याज म्हणजे काय हे घरात तिला सर्वांआधी कळलेले आहे. पण शेत विकणे घराण्याला कमीपणा आणणारे, आणि बायकांनी अशा व्यवहारात बोलू नये अशी रीत. तिचा सल्ला बाजूला सारला जातो. पुढचे सारे हाल या एका नकारातून येतात. सावकाराचा माणूस वसुलीला येऊन नको ते बोलतो, तेव्हा तीच त्याला सुनावते. शेवटी जप्ती येते आणि घराची अब्रू गावासमोर निघते. त्या दिवसाचे वर्णन करताना गुरुजींचा सूर चढत नाही, म्हणून ते अधिक लागते.

आई आजारी पडते ती या ओझ्याखाली. तिच्या मरणाला केवळ नियती मानणारा वाचक पुस्तकातला हिशेबच वाचायचा सोडतो. श्याम शिकण्यासाठी दूर असतो आणि शेवटची भेट होत नाही. गरिबीने घेतलेली ही आणखी एक किंमत आहे.

या पुस्तकावरचा आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट मोठाच आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमालाबाईंची आई आणि माधव वझे यांचा श्याम एकदा पाहिल्यावर पुस्तकातली माणसे दुसऱ्या चेहऱ्याने दिसत नाहीत. पण या यशामुळेच एक गोष्ट बदलली. पुस्तकात आई नसते, तिची आठवण असते. बोलणारा प्रौढ श्याम स्वतःला आरोपीच्या जागी बसवून बोलतो. मी चोरी केली, मला लाज वाटली, मी आईला दुखावले, असे तो सांगत राहतो. पडद्यावर आई प्रत्यक्ष उभी राहिली की प्रेक्षक तिच्याकडे पाहतो आणि सांगणारा मागे सरतो. कबुलीची जागा पूजा घेते. सुजय डहाके यांनी २०२३ साली याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट करताना ओम भूतकर यांच्या रूपाने प्रौढ साने गुरुजींना पुन्हा मध्यभागी आणले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

पूजेमुळे आईच्या मर्यादाही दिसेनाशा होतात, आणि गुरुजींनी तर त्या लपवलेल्या नाहीत. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामला सांगते, आणि घरी आल्यावर आंघोळ कर असेही सांगते. त्या काळातली कोकणस्थ बाई जेवढी पुढे जाऊ शकत होती, तेवढी ती गेली. नंतरच्या काळातल्या मताला शोभेल अशी ती लेखकाने घडवली नाही. उरलेले अंतर मुलाने चालायचे होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुले झाले. मोळीची गोष्ट मुलांना सांगताना आंघोळीचे वाक्य गाळले, तर हे उपोषण कुठून आले ते त्यांना कळणार नाही.

या आईने मराठी बायकांवर त्यागाचे ओझे लादले, असा आक्षेप स्त्रीवादी वाचकांनी घेतला. तो आक्षेप मी गंभीरपणे घेतो. प्रतिमेपुरता तो बरोबरही आहे. पण तो मखरातल्या आईला लागू पडतो. पुस्तकातली आई रागावते, मारते, नवऱ्याशी पैशावरून वाद घालते आणि तिचे न ऐकल्यामुळे घर बुडते. तिचे म्हणणे डावलले गेले, ही तक्रार कादंबरीतच लिहिलेली आहे.

कर्जाची नोटीस दारावर आलेली मुले महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही शाळेत बसतात. नीटनेटक्या संस्कारकथांमध्ये त्यांचे घर येत नाही, या पुस्तकाच्या उत्तरार्धात येते. मुलांना झेपणार नाही म्हणून नेमक्या त्याच रात्री आपण वगळतो. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: संक्षिप्त आवृत्ती बाजूला ठेवा, बेचाळीसही रात्री मुलांसोबत मोठ्याने वाचा, आणि जप्तीच्या प्रकरणापाशी थांबून मुले जे विचारतील त्याला खरे उत्तर द्या.