तक्रार कुणी सिद्ध करायची?

‘ॲप चालत नाही. लवकर बघा.’

ओपन सोर्स प्रकल्पांकडे अशा तक्रारी सतत येत असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या तशाच बंद केल्या जातात. कारण? ठरलेला फॉर्म भरलेला नाही. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, काय केल्यावर बिघडतं, व्हायला काय हवं होतं, झालं काय. बग मात्र खरा असू शकतो. मग खरी तक्रार नमुन्यात नाही म्हणून परत पाठवणं न्याय्य आहे का?

हे ऐकलं की आपल्याला सरकारी कचेरीतली खिडकी आठवते. पण खिडकीपलीकडच्या माणसाला त्या कामाचा पगार असतो. इथे पलीकडे बहुतेकदा कुणीतरी नोकरी सांभाळून रात्री बसलेलं असतं. ‘पुटी’ लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये बग कसा कळवावा यावर एक लेख लिहिला. त्याचं सार साधं आहे: प्रोग्रॅमरला तो बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी बघता आला पाहिजे. तुम्ही दहा मिनिटं वाचवलीत, तर ते बघण्यासाठी त्याचे चार तास जातात. आणि ते तास तुमचे नाहीत. इथपर्यंत मी नियमाच्या बाजूने आहे.

पण नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. समजा, एखाद्या लेखन-ॲपमध्ये ‘आचाऱ्यांना’ लिहिलं की ‘आचार्यांना’ दिसतं. स्वयंपाक्याचा थेट गुरू होतो! हे ज्याला खटकेल त्याची मराठी पक्की असेल, इंग्रजी असेलच असं नाही. आणि बर्लिनमधल्या देखभालकर्त्याला दोन्ही शब्द सारखेच दिसणार. ‘काय हवं होतं, काय दिसलं’ हे दोन रकाने इथे कागदी घोडे उरत नाहीत. मराठी न येणाऱ्या माणसाला फरक दाखवायचा तो एकमेव रस्ता असतो. शेजारी शेजारी दोन स्क्रीनशॉट, फॉन्टचं नाव, आवृत्ती, बस. पण हे त्याला कुणी समजावलं तर. ‘फॉर्म अपूर्ण’ एवढंच लिहून दार लावलं, तर तो माणूस पुन्हा येत नाही आणि तो बग वर्षानुवर्षं राहतो, कारण तो दिसणारी माणसंच थोडी.

आता यात नवीनच भानगड झाली आहे. आजवर नीट भरलेला फॉर्म हा कष्टाचा पुरावा होता. एआयने तो पुरावा फुकट करून टाकला. ‘कर्ल’ हे फोनपासून मोटारींपर्यंत सगळीकडे असलेलं सॉफ्टवेअर. त्याचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांच्याकडे सुरक्षेतल्या त्रुटींचे अहवाल येत. उत्तम इंग्रजी, सगळे रकाने भरलेले, आणि आत कोडमध्ये नसलेल्याच फंक्शनचे दाखले. २०२५ मध्ये त्यांनी ‘एआय वापरलं का’ हा प्रश्न फॉर्ममध्ये घातला, कचरा पाठवणाऱ्यांना हाकलायला सुरुवात केली. २०२६ च्या जानेवारीअखेर २०१९ पासूनची बक्षीस योजनाच बंद केली. गंमत म्हणजे २०२५ मध्येच एका संशोधकाने एआयची साधनं वापरून पाठवलेल्या यादीतून कर्लमधले बरेच खरे दोष सापडले आणि दुरुस्तही झाले. म्हणजे एआय वापरलं की नाही, यावरूनही चाळण लागत नाही.

मग नियम राबवायचा तो कशावर बोट ठेवून? माझ्या मते, परत प्रश्न विचारल्यावर समोर कुणी आहे का, यावर. अपुरी तक्रार बंद करताना काय कमी आहे ते दोन ओळींत सांगावं, आणि ते आल्यावर ती पुन्हा उघडावी. (महिनाभर हालचाल नाही म्हणून तक्रारी बंद करणारे बॉट मला म्हणूनच पटत नाहीत. उत्तर देणं देखभालकर्त्याकडे बाकी असतानाही ते दार लावतात.) हाकलावं ते विचारलेल्याला बगल देऊन नवीन चार पानं चिकटवणाऱ्याला. ‘आचाऱ्यांना’वाला मोडक्या इंग्रजीत का होईना, फॉन्टचं नाव सांगेल.