कमरेचे पिस्तूल आणि मनाची तयारी



धंद्याची रोकड रात्री घरी न्यावी लागते, जमिनीच्या व्यवहारात धमक्या येतात, मुले परदेशी आणि घर वस्तीपासून लांब. अशा कारणांनी आपल्यापैकी काहीजण पिस्तुलाचा परवाना घ्यावा का, असा विचार करतात आणि मग हळूच विचारतात, 'फादर, हे पाप तर नाही ना?' प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. परवान्याची, किमतीची, सरावाची चौकशी झालेली असते. ते शस्त्र कमरेला लावून चालणाऱ्या माणसाचे मन कसे असावे, ही चौकशी मात्र राहून गेलेली असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ख्रिस्तसभेची शिकवण स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याचे तर ते कर्तव्यही ठरू शकते. देशाचा कायदाही तेच सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 या हक्काविषयी आहेत. मात्र त्यात अटी आहेत: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळवण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही.

संत ऑगस्टीन यांना तर सामान्य माणसाने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणे मान्य नव्हते. त्यांच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी संत थॉमस अक्विनास यांनी वेगळा विचार मांडला. एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात, असे ते म्हणतात. माझा जीव वाचतो आणि हल्लेखोर मरतो. पहिला परिणाम हाच माझा हेतू असला आणि वापरलेले बळ गरजेपुरते असले, तर मी दोषी नाही. पण खाजगी माणसाने समोरच्याला ठार मारण्याचाच हेतू धरणे त्यांना मान्य नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा भाग परीक्षेपुरता पाठ होतो. खरी अडचण पुढे आहे.

अचानक हल्ला झाला आणि हाताला येईल ती काठी उचलली, अशा माणसाला हा विचार सहज लागू पडतो. पण जो रोज सकाळी गोळ्या भरून घराबाहेर पडतो, त्याने ही वेळ आधीच मनात पाहिलेली असते. 'मला मारायचे नव्हते, फक्त वाचायचे होते' हे त्याचे म्हणणे खरे असू शकते का? आमच्या मते असू शकते, पण ते आपोआप खरे होत नाही. स्वतःला विचारून पाहावे: पिस्तूल दिसताच हल्लेखोर पळून गेला, तर मला हायसे वाटेल की संधी हुकली असे वाटेल? दुसरे उत्तर मनात चमकून गेले, तरी परवान्याचा अर्ज तूर्त बाजूला ठेवावा.

न्यूयॉर्कमधील एक खटला येथे आठवतो. बर्नहार्ड गोट्झ या गृहस्थाला 1981 मध्ये लुटारूंनी मारहाण केली होती. त्याने पिस्तुलाचा परवाना मागितला, तो मिळाला नाही, तरी तो पिस्तूल बाळगू लागला. 22 डिसेंबर 1984 रोजी भुयारी रेल्वेत चार तरुणांपैकी एकाने त्याच्याकडे पाच डॉलर मागितले. गोट्झने पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले, एक जन्माचा पांगळा झाला. 1987 मध्ये ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नातून मुक्त केले, फक्त विनापरवाना शस्त्राबद्दल दोषी धरले. पण पोलिसांपुढे दिलेल्या जबाबात त्याने स्वतःच सांगितले होते की, त्या तरुणांना ठार मारण्याचाच आपला हेतू होता. 1981 चा अपमान तीन वर्षे त्याच्या मनात साठत होता. न्यायालयात तो सुटला. अक्विनास यांच्यापुढे सुटला असता का?

राग नसला तरी भीती आहेच. 17 ऑक्टोबर 1992 रोजी अमेरिकेतल्याच बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी एका पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराशी गेला. घरातली बाई घाबरली, तिने नवऱ्याला बंदूक आणायला सांगितले. नवऱ्याने 'जागेवर थांब' असे इंग्रजीत बजावले. मुलाला ते उमगले नसावे. तो पुढे आला आणि गोळी सुटली. त्याच्या हातात कॅमेरा होता. येथे कोणी दुष्ट नव्हते. भयाने छाती धडधडते, नजर आक्रसते, कान जणू बंद होतात, बोटे नीट वळत नाहीत. अशा क्षणी माणूस नवा विचार करू शकत नाही. आधी जे मनात ठरलेले असते तेच हातून घडते.

म्हणून कशासाठी गोळी झाडायची नाही, हे आधी ठरवावे लागते. गळ्यातली साखळी गेली, जाऊ द्या. गाडीला ओरखडा, बांधाचा वाद, भर चौकात आईवरून शिवी: यांतले काहीही पुरेसे कारण नाही. शस्त्र बाळगणाऱ्याला निःशस्त्र माणसापेक्षा अधिक अपमान गिळता आला पाहिजे, कारण तो ज्या भांडणात उतरेल त्यात एक पिस्तूल आधीच हजर असते. पळून जाणे ज्याला कमीपणाचे वाटते, त्याने या वाटेला जाऊ नये. लग्नाच्या मांडवात दोन पेग घेणाऱ्याने तर मुळीच नको.

आणि नंतरचे काय? चौथ्या शतकात संत बेसिल यांनी युद्धात शत्रूला मारणाऱ्या सैनिकांना खुनी मानले नाही, तरीही तीन वर्षे ख्रिस्तशरीर स्वीकारू नये असे सुचवले. आज हा नियम नाही. पण निर्दोष असूनही हात जड होतात, हे त्या जुन्या मेंढपाळाला ठाऊक होते. स्वतःच्या बचावात का होईना, एक माणूस मेला, तर त्याचा चेहरा रात्री-अपरात्री समोर येईल, त्याच्या आईचे रडणे ऐकू येईल. हे पेलण्याची तयारी गोळीबाराच्या मैदानावर होत नाही.

घरच्यांशीही बोलावे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी खचलेले असेल, कोणाला दारू असेल, तर ज्या चोराची भीती वाटते तो कदाचित कधी येणारच नाही, पण पिस्तूल मात्र रोज कपाटात असेल. कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार, हे अर्जावर सही करण्यापूर्वी पत्नीला विचारून ठरवावे. तिला नको असेल तर तिचे कारण नीट ऐकून घ्यावे. ज्यांना याविषयी आमच्याशी बोलायचे आहे त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेनंतर जरूर यावे. जमल्यास दोघांनी मिळून यावे.