नळी, पेज आणि उरलेले दिवस

बरे होणार नाही हे ठाऊक असताना उपचार करावा काय? स्वादुपिंडाच्या वा पित्तनलिकेच्या कर्करोगाने ज्यांच्या घरचे माणूस अंथरुणाला खिळले आहे, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही.

गाठ पित्ताची वाट अडवते; कावीळ चढते आणि अंगाची खाज रात्रभर डोळा लागू देत नाही. जठरापुढील आतड्याचा मार्ग रोधला गेला तर पेजही पोटात ठरत नाही. मग उलटी होईल या धास्तीने रुग्ण ख्रिस्तप्रसाद घेण्यासही कचरतो. अशा वेळी डॉक्टर दुर्बिणीच्या साहाय्याने स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, बसवून वाट मोकळी करतात. पित्तमार्गासाठी ही रीत १९८० च्या सुमारास जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे डॉ. निब सोहेंद्र यांनी वैद्यकविश्वापुढे ठेवली. प्लास्टिकची नळी साधारणतः तीन महिन्यांत तुंबू लागते, धातूची जाळीदार नळी अधिक टिकते. क्वचित जंतुसंसर्गही होतो. गाठ मात्र जागच्या जागीच राहते.

मग हा खटाटोप व्यर्थ म्हणावा काय? क्रुसाच्या वाटेवरील वेरोनिका आठवावी. तिने प्रभूचा क्रूस उतरवला नाही, त्याचे मरणही टाळले नाही. केवळ रक्ताने माखलेला चेहरा पुसला. तरीही ख्रिस्तसभा तिला विसरली नाही. खाज शमणे, चार घास पेज पचणे, नातवंडांशी स्वस्थ बोलणे, हे त्याच जातीचे उपकार होत.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. शरीर अगदी थकले असेल, पुन्हापुन्हा इस्पितळात नेणेच यातना ठरत असेल, तर नळी नाकारणे म्हणजे आत्मघात नव्हे. असह्य ओझे लादणारे उपाय करण्याचे बंधन कुणावर नाही, असे बारावे पोप पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले होते. मरण ओढवून घेणे निराळे आणि ते थोपवता येत नाही हे स्वीकारणे निराळे.

खरी चूक आपल्याकडून अन्यत्र घडते. निर्णय इस्पितळाच्या व्हरांड्यात होतो आणि खाटेवरच्या माणसाला "काही नाही, साधी कावीळ आहे" असे सांगितले जाते. आपण यास माया म्हणतो. वस्तुतः आपण त्याचे अखेरचे दिवस त्याच्या हातून काढून घेतो. समेट, पापनिवेदन, निरोप, सारेच राहून जाते.

म्हणून नळी बसवावी की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्याच्या उशाशी बसावे, सत्य हळुवारपणे सांगावे आणि विचारावे, "हे दिवस तुम्हाला कशासाठी हवे आहेत?" उत्तर त्याचे असावे, आपण केवळ सोबत करावी.