सांध्याची गळती

आमच्या भाषेनें मोटारसायकलीचें बारसें तिच्या चाकांवरून केलें नाहीं, वेगावरूनही केलें नाहीं, आवाजावरून केलें. 'फटफटी' हें नांव तिच्यावर बसणारानें ठेविलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तें ओट्यावर बसलेल्या किंवा घरांत निजलेल्या कोणीतरी ठेविलेलें दिसतें. बसणारास वारा जाणवतो, वेग जाणवतो. आवाज येतो तो मागें राहिलेल्याच्या वांट्यास. ही साधी गोष्ट आम्हांस आमच्याच गाडीच्या एका नादुरुस्त सांध्यानें शिकविली, आणि ती शिकण्यास आम्हांस सहा महिने लागले.

ज्या वाचकांचा या यंत्राशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. एंजिनांत इंधन जळलें कीं जळका वायु कित्येकशें अंश तापलेला असा मोठ्या जोरानें बाहेर पडतो. त्यास एका वांकड्या नळीनें सायलेन्सरांत नेतात, आणि तेथील कप्प्यांतून फिरतां फिरतां त्याचा जोर मोडतो. नळी व एंजिन जेथें मिळतात तेथें एक मऊसर कडें बसवून वरून नटांनीं आवळलेलें असतें. कारागीर त्या कड्यास 'पॅकिंग' म्हणतात. एंजिनाचें डोकें बहुधा ॲल्युमिनियमचें, नळी पोलादाची; आणि तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. अशा दोन भिन्न स्वभावांच्या धातूंनीं रोज तापावें, रोज निवावें आणि त्यांच्यामधली तफावत त्या बिचाऱ्या कड्यानें सोसावी, असा हा संसार आहे. कांहीं वर्षांनीं कडें चेपतें, नट सैल होतात. मग नळी खडखडूं लागते, फटींतून वायु ताडताड बाहेर पडतो आणि सांध्याभोंवतीं काजळीचा डाग धरतो.

आमच्या गाडीस हे दोन्ही विकार मार्गशीर्षांत जडले. आम्ही नागपुरास महालांतील एका अरुंद बोळांत राहतों आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींतील नोकरीसाठीं पहाटे साडेपांचास घर सोडतों. गाडी सुरू करतांच तो ताडताड आवाज होई खरा. परंतु मेडिकल चौक मागें टाकून वर्धा मार्गास लागेपर्यंत तो इतका उतरे कीं तो होता हेंच आम्ही विसरून जात असूं. यांत चमत्कार कांहीं नाहीं. नळी तापली कीं फुगते आणि फट बरीचशी आपोआप बुजते. म्हणजे सर्वांत कर्कश आवाज व्हावयाचा तो आमच्या दारांत, थंडीच्या पहाटे, सारा बोळ निजलेला असतांना. आणि तो मवाळ झाला म्हणजे ऐकावयास आम्ही एकटे. "थोडासा आवाज येतो," असें आम्ही सांगत होतों, तें खोटें नव्हतें. आमच्यापुरतें तें अगदीं खरें होतें.

मग आपल्यामुळें दुसऱ्यास होणाऱ्या उपद्रवाचें माप कोणाच्या कानानें घ्यावयाचें? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत घातली आहे, आणि त्यांच्या हिशेबीं रात्र पहाटे सहापर्यंत असते. तेव्हां आमची साडेपांचाची वेळ रात्रींतच मोडते. त्या त्या वस्तींतील हवेंत आवाज किती, हें कायदा यंत्रानें मोजूं पाहतो. करणाराच्या कानास तो विचारीत नाहीं. या बाबतींत कायदा आमच्याहून शहाणा होता, परंतु असले यंत्र घेऊन महालच्या बोळांत भल्या पहाटे कोण येणार?

येथें एका बाप-लेकांची आठवण होते. हिरम मॅक्झिम यानें १८८४ च्या सुमारास आपली यंत्रतोफ तयार केली आणि तिच्या गडगडाटानें पुढें तो स्वतः जवळजवळ बहिरा झाला. त्याच्या मुलानें, हिरम पर्सी मॅक्झिमनें, १९०९ सालीं बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सराचें पेटंट मिळविलें. मोटारींच्या आवाजावरही त्यानें काम केलें. बापाचा बहिरेपणा निदान जगजाहीर होता. आमच्यासारख्यांचा बहिरेपणा वर्धा मार्गावर गाडी तापण्याइतका सोईस्कर असतो, आणि तो कोणत्याही वैद्यास सांपडत नाहीं.

फाल्गुनांत आम्ही गाडी सक्करदऱ्याकडील एका कारागिराकडे नेली. त्यानें सांध्यावरून बोट फिरवून काजळी पाहिली आणि विचारलें, "भाऊ, खडखड बंद करू का गळती? खडखड पाच मिनिटांत होते. गळतीले पाइप उतरवा लागते, गाडी दिवसभर इथंच ठेवा लागते." आम्ही क्षणाचाही विलंब न लावतां खडखड सांगितली. त्यानें तार आवळली, पट्टी बसविली, आणि आम्ही संतुष्ट होऊन परतलों. पुष्कळ दिवसांनीं आमच्या ध्यानांत आलें कीं खडखड खांचखळग्यांतून जातांना आम्हांस ऐकूं येत असे आणि गळती बोळांतल्या लोकांस. आम्हीं दुरुस्त केलें तें आमचें दुखणें.

याच काळांत फुटाळा तलावाच्या रस्त्यावर सायलेन्सर मुद्दाम पोकळ करून गाड्या उधळणाऱ्या मुलांवर आम्ही चारचौघांत तोंडसुख घेत होतों, हेंही सांगितलें पाहिजे. त्या मुलांचा अपराध मोठा आहे यांत शंका नाहीं. पण त्यांस तो ठाऊक असतो. आपला आवाज दुसऱ्यानें ऐकावा म्हणूनच ती खटपट. आम्हांस स्वतःच्या सभ्यपणाची खात्री होती, त्यामुळें आमच्याविषयीं कोणास बोलतांही येईना.

मे महिना आला. नागपूरचा मे ज्यानें काढला आहे त्यास पहाटेच्या दोन घटकांची किंमत ठाऊक असते. दिवसा पारा ४५ अंशांशीं खेळतो, भिंती रात्रभर उष्णता ओकतात. जो काय गार वारा तो पहाटे, आणि त्यासाठीं सारें गांव खिडक्या सताड उघडून निजतें. अशा एका पहाटे गाडी बाहेर काढतांना शेजारच्या काकूंची बोळाकडची खिडकी घट्ट लाविलेली आम्हीं पाहिली. त्या खोलींत काका गेल्या वर्षापासून अंथरुणास खिळलेले आहेत. खिडकी थंडींतही बंदच होती, पण थंडींत कोणाची उघडी असते? मग आठवलें कीं माघांत काकू एकदां अंगणांतून म्हणाल्या होत्या, "आजकाल लवकर निघता वाटते तुम्ही?" आम्हीं तें आपुलकीचें बोलणें समजून त्यांस कामाच्या वेळा सविस्तर सांगितल्या होत्या. कोणी तक्रार केली नाहीं, या एका वाक्यावर आम्हीं सहा महिने काढले. आणि ज्यांच्या घरीं आजारी माणूस आहे त्यांस केव्हां कोणाची गरज लागेल, म्हणून ते शेजाऱ्याशीं तंटा करीत नाहींत, हें आम्हांस कळूं नये!

त्याच दिवशीं गाडी पुन्हां कारागिराकडे गेली. या वेळीं त्यानें नळी उतरविली. गंजलेल्या नटांवर तेल सोडून तो तासभर नुसता थांबला. जोर केला तर आंतला स्टड तुटतो, म्हणाला. जुनें कडें खरवडून काढलें, काजळी पुसली, नवें कडें बसवून दोन्ही नट आळीपाळीनें थोडे थोडे आवळले. एक बाजू आधीं घट्ट केली तर नळी तिरकी बसते, आणि फार आवळलें तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. एंजिन तापवून निवूं दिलें आणि नट पुन्हां पाहिले. आम्हांस वाटलें, झालें. त्यानें गाडी देण्याचें नाकारलें. "रात्रभर राहू द्या. सकाळी थंड्या इंजिनावर ऐकतो. गरम असताना सगळेच सांधे चांगले वाटतात."

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही तेथें गेलों तेव्हां तो सांध्याशीं कान नेऊन उकिडवा बसला होता.

यास आतां तीन आठवडे झाले. आवाज गेला आहे. तरीही आम्ही गाडी बोळाच्या तोंडापर्यंत ढकलीत नेतों आणि मग सुरू करतों. काकूंची ती खिडकी मात्र अद्याप बंदच आहे. ती आतां उघडण्यास हरकत नाहीं, हें त्यांस कोणत्या तोंडानें जाऊन सांगावें, तें आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.