तेलाचा भाव आणि दूरचें युद्ध

सन २०२२ च्या मार्चांत आम्ही तेल आणावयास गेलों असतां सूर्यफुलाच्या तेलाचा भाव बराच चढलेला आढळला. कारण विचारतां वाण्यानें एवढेंच म्हटलें, "युक्रेन." २४ फेब्रुवारीस रशियानें त्या देशावर स्वारी केली होती, आणि आपल्याकडे येणाऱ्या या तेलाचा मोठा भाग तेथूनच येत असे.

त्याच मार्चच्या १६ तारखेस मारियुपोल येथील नाट्यगृहावर बाँब पडला. आंत बायकामुलांनीं आश्रय घेतला होता. विमानांतून दिसावा म्हणून बाहेर जमिनीवर 'मुलें' हा शब्द भल्या मोठ्या रशियन अक्षरांत लिहिलेला होता. दुसऱ्या दिवशीं तें वृत्त वाचून आमचें पित्त खवळलें. पण तो दिवस होळीचा. सायंकाळीं एका स्नेह्यांकडे आम्हीं दुसरी पुरणपोळी मागून घेतली, व तुपाची धारही नाकारली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

मग तो संताप खोटा होता काय? कित्येक म्हणतील, होय. आम्हांस तसें वाटत नाहीं. स्नेह्यांच्या पंक्तीस उपाशी बसून मारियुपोलच्या एकाही मुलाचें रक्षण झालें नसतें. आम्हांस टोचतें तें निराळेंच. तेल महागलें म्हणून युक्रेन आमच्या घरांत आलें. एप्रिल २०२३ मध्यें सुदानांत यादवी पेटली, लक्षावधि लोक देशोधडीस लागले. पण त्या देशाचें नांव आमच्या वाण्यानें कधीं घेतलें नाहीं, आणि आम्हींही घेतलें नाहीं.